झाकून ठेवलेले सात फिंजान

आधी तिचं सांगतो, मग माझं. फिंतासला समुद्राच्या बाजूला एका मोठ्या महालात शारजाची एक म्हातारी बाई राहायची. तिच्यामुळे मी घरी पोचलो. तिच्या बलुची ड्रायव्हरनं फाटक उघडलं, आमच्या खोलीतल्या दापोलीकडच्या चाचानं माझ्या गाऱ्हाण्याला होकार दिला, त्या दोघांचेही उपकार आहेतच. पण मूळ ती म्हातारी. तिचं नाव मला माहीत नाही. महालात कामाला येणारे सगळे तिला 'मामा' म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. इकडे घरच्या मालकिणीला असंच म्हणतात. आमच्या खोलीतली पोरं मला चिडवायची, "काय सुतार, मामाकडं जाऊन आलास, मामीनं काय वाढलं?"

माझं शिक्षण सातवी. आठवीच्या वर्गात पंधरा दिवस बसलो, मग शाळा सुटली ती सुटलीच. देवगडकडं आमच्या घरात सुतारकी चालत आलेली, पटाशी आणि रंधा हातात आला आणि वही हातातून गेली. त्यामुळे लिहिताना चुकलं तर समजून घ्या. कुवेतला आलो तो फर्निचरच्या कामावर. आमचा मालक कुवेती, आणि ही म्हातारी म्हणजे त्याच्या वडलांची दुसरी बायको. वडील वारले, ती राहिली. महालाचा तळमजल्याचा मोठा दिवाणखाना तिनं स्वतःसाठी ठेवला होता आणि त्यात तिनं आपल्या माहेरच्या किनाऱ्यावरच्या वस्तू मांडल्या होत्या. दर गुरुवारी बायका, शाळेच्या मुली ते बघायला यायच्या. त्या वस्तूंसाठी भिंतीवरची शिसवी फडताळं आदल्या वर्षी मीच केली. तेव्हापासून ती मला ओळखायची. हाक मारायची 'नज्जार', म्हणजे सुतार.

जुलैत मालकानं आमचे पासपोर्ट मागून घेतले. राहण्याचा शिक्का नवीन करायचा होता. खोलीतल्या सात जणांनी दिले. मालक उन्हाळ्याला बायकापोरं घेऊन परदेशी गेला, जाताना म्हणाला, आल्यावर सही करतो. नव्वदचा ऑगस्ट लागला आणि एका पहाटे रस्त्यावर इराकचे रणगाडे उभे. मालक तिकडे, आम्ही इकडे. ऑफिसच्या काचा फुटलेल्या, आत कपाटं उलटी पडलेली. तिथं आम्ही दोन दिवस कागदांच्या ढिगात हात घालून बसलो. काही नाही.

मग कुठल्या तरी दुकानासमोर पावाच्या रांगेत तो बलुची ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, "तुमचे पासपोर्ट ऑफिसात कुठले असतील? साहेबानं जायच्या आधी माझ्यासमोर मामाच्या मंदूसमध्ये ठेवले. कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली."

"जुडगा कुठंय?"

"साहेबाच्या खिशात. साहेब कुठंय ते अल्लाला माहीत."

मंदूस म्हणजे पितळी फुल्यांची मोठी लाकडी पेटी. आमच्याकडं जुनी माणसं अशा पेटीला मांदूस म्हणतात. ती पेटी मी पाहिली होती. फडताळं बसवताना मीच ती भिंतीपासून सरकवली होती.

फरवानियातला एक माणूस बस जमवत होता. बसराला, तिथून बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, आणि पुढं विमान. बस शुक्रवारी निघणार होती. त्यानं स्पष्ट सांगितलं, पासपोर्ट दाखवा, नाव लिहितो. पासपोर्ट नसलेल्यांना दुसरा कागद मिळतो असं लोक म्हणत होते, पण तसा कागद हातात असलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ज्या दिवशी हे कळलं तो शनिवार.

आम्ही राहायचो सबाह अल-सालेमला, एका अर्धवट बांधलेल्या घराच्या मागच्या खोलीत. तिथून फिंतास पायी अडीच तास, ऑगस्टच्या उन्हात. रस्त्यात दोन नाकी. खोलीतल्यांनी ठरवलं की तुला ती ओळखते तर तूच जा. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि मी तिला पाहिलेलं नव्हतं. फोन बंद, पत्र बंद. घरी मला जिवंत समजतायत की नाही हेही माहीत नव्हतं. चालताना माझ्या डोक्यात एवढंच, की आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं. हत्यारांची पिशवी मी घरीच ठेवली. पटाशी, गिरमिट, करवत घेऊन नाक्यावर गेलो असतो तर त्यांनी काय समजलं असतं?

रविवारी पहिल्यांदा गेलो. ड्रायव्हरनं फाटक उघडलं आणि आत सोडलं. एवढा मोठा महाल, पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या, दोन मजल्यांइतका उंच दिवाणखाना, आणि आत एकटी म्हातारी. नोकर-मोलकरणी सगळ्या निघून गेल्या होत्या. वीज होती पण वातानुकूलन तिनं बंद ठेवलं होतं, आवाजानं बाहेरच्यांना कळेल म्हणून. तिच्या चेहऱ्यावर तिच्या मुलखातल्या बायका लावतात तो मुखवटा होता, निळसर काळा आणि सोन्यासारखा चकाकणारा, नाकावरून खाली उतरलेला. फक्त डोळे दिसायचे.

"नज्जार," ती म्हणाली. "बघायला आलास?"

तिला हिंदी येत होतं. लहानपणी ती मुंबईत राहिली होती. तिचं हिंदी जुनं, तुटकं, पण स्वच्छ. मी म्हणालो, "मामा, एक काम होतं. पासपोर्ट..."

तिनं हात वर केला. "पहले देखो. बाद में बोलो."

आणि ती चालायला लागली. मी मागून.

तिचा क्रम ठरलेला होता. आधी दारापाशी खजुराच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या आणि सुपं. मग समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं सामान. नाकाला लावायचा चिमटा, कासवाच्या पाठीचा. बोटांना घालायची चामड्याची टोपणं, शिंपल्यानं बोटं कापू नयेत म्हणून. पायाला बांधायचा दगड. गळ्यात अडकवायची जाळी.

"माझा आजा," ती म्हणाली, "हा चिमटा लावून उन्हाळ्याचे चार महिने पाण्यात. दिवसातून पन्नास वेळा खाली. वर आला की कानातून रक्त. मग एक खजूर, एक घोट कॉफी, परत खाली. तुला वाटतं हे महाल तेलाचे आहेत? तेल आत्ता आलं. त्याआधी आमच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक घर माणसाच्या श्वासावर उभं होतं."

मी मान हलवत होतो. मनात एकच, पेटी. पेटी हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला लागून होती. तिथवर पोचायला अजून अकरा फडताळं होती. ती प्रत्येकापाशी थांबत होती.

मोती चाळायच्या पितळी चाळण्या होत्या, एकात एक बसणाऱ्या. खालच्या चाळणीची भोकं सर्वांत बारीक. लाल कापडाची पुरचुंडी होती, मोती त्यावर ठेवून पारखायचे. त्या पुरचुंडीपाशी तिचा आवाज बदलला. तिचा बाप मोती घेऊन मुंबईला जायचा, पावसाळा संपला की घरच्या सगळ्यांना नेऊन तिथं ठेवायचा. ती तिथं शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळायची. मग जपानचे मोती आले, शेतासारखे पिकवलेले, आणि दोन वर्षांत सगळं बसलं. बाप परतला तो पुरचुंडी घेऊन, आत काही नव्हतं.

"घर गेलं, होडी गेली. माझं लग्न कुवेतला लावून दिलं, कारण इथं दोन वेळचं होतं. बरोबर काय दिलं? ही मंदूस. माझ्या आईची."

आम्ही पेटीपाशी पोचलो होतो. सागवान, आणि वर पितळी खिळ्यांची नक्षी. पुढं नवीन लोखंडी कुलूप, मालकानं लावलेलं. माझा हात आपोआप त्याच्याकडं गेला. तिनं तो पाहिला आणि गादीकडं वळली.

तिथं तिनं कॉफी ओतली. लांब चोचीची पितळी किटली डाव्या हातात, फिंजान उजव्या. फिंजान म्हणजे बिनकानाचा छोटा कप, त्यात तळाशी दोन घोट. वेलदोड्याचा वास. मी गटागट प्यालो. तिनं परत ओतली, परत प्यालो, तिसऱ्यांदाही. मग तिच्याकडच्या रीतीप्रमाणे कप हलवून दाखवला, की पुरे. एवढं मला माहीत होतं. मग म्हणालो, "मामा, आमचे पासपोर्ट..."

"नमाजची वेळ झाली," ती म्हणाली आणि उठली.

मी अडीच तास चालत परत आलो.

खोलीत पोरांनी विचारलं. चाचा सोडून सगळे चिडले. "तू बोललास का नाही नीट? तिला सांगायचं ना, बस आहे म्हणून." कराडचा प्लंबर म्हणाला, "हा तिथं मोत्यांचं शिक्षण घेतोय. सातवी नापास, आता अरबी मॅट्रिक होणार." सगळे हसले, मीही हसलो, आणि नंतर नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिलो.

मंगळवारी परत गेलो. परत टोपल्या, परत चिमटा, परत पायाचा दगड. तेच शब्द, त्याच क्रमानं. कानातून रक्त, एक खजूर, एक घोट. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्यापुढं तीन दिवस होते आणि ही बाई मला साठ वर्षांपूर्वीचे मोती दाखवत होती. पण मध्ये तोडलं असतं तर फाटकाबाहेर जावं लागलं असतं, म्हणून जीभ दातांत धरून फिरलो. एका गोष्टीकडं मात्र त्या दिवशी माझं लक्ष गेलं. तिचा हात थरथरत होता. चाळणी फडताळावर परत ठेवताना तिला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. हीसुद्धा घाबरलेली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रोज आपल्या वस्तू क्रमानं मोजून बघत असावी, की सगळं जागेवर आहे ना.

परत कॉफी. परत मी तीन फिंजान प्यालो. नाही कसं म्हणणार? मग हात जोडले आणि सगळं एका दमात सांगितलं. बस, शुक्रवार, मुलगी.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ती माझ्या मुलाची अमानत आहे, विश्वासानं ठेवलेली. त्यानं कुलूप लावलं, तो काढेल. मी काढलं तर मी कोण?"

"मामा, ते येणार नाहीत."

"मग मी थांबेन," ती म्हणाली.

बाहेर फाटकापाशी मी खाली बसलो. ड्रायव्हरनं पाणी दिलं. शेजारच्या बंगल्यासमोर सैनिकांचा ट्रक उभा होता. आतून झुंबर आणलं, दोन फ्रिज आणले, गुंडाळलेले गालिचे आणले, आणि शेवटी एक पाळणा आणला. पाळणा कशाला हवा होता त्यांना? त्याचं मच्छरदाणीचं कापड तसंच लोंबत होतं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आज हा. उद्या परवा आपला नंबर. तेव्हा मंदूसही जाईल, तुझे कागदही जातील."

त्या दिवशी संध्याकाळी खोलीमागच्या वाळूत मी आमच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडं गाऱ्हाणं घालायला भटाची गरज लागत नाही, पण चार माणसं लागतात. एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. होकार देणारं कुणी नसेल तर ते देवापर्यंत जात नाही अशी आमची समजूत. कराडच्या आणि मराठवाड्याच्या पोरांना हे ठाऊक नव्हतं. मी एकटाच पूर्वेकडं तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "बा देवा म्हाराजा, आज तुझां लेकरू परमुलखात अडकलां असा..."

मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

चाचा होता. हातात कांदा कापायची सुरी तशीच. मी वळून पाहिलं तर म्हणाला, "अरे, आमच्या गावात जत्रेला आम्हीच उभे असायचो मागं. पुढं बोल."

मी पुढं बोललो. सात जणांचे कागद सुटू देत, सगळे सुखरूप घरी पोचू देत. व्हय म्हाराजा. माझ्या उंबऱ्यात पाय पडेपर्यंत मी चहा नि कॉफी सोडली, एक थेंब तोंडात घेणार नाही. इथं चाचा थांबला. म्हणाला, "चहा? तू? दिवसाला सात कप पिणारा तू?"

"बोल ना चाचा."

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. "पण सकाळी माझ्यावर चिडू नकोस."

बुधवारी तिसऱ्यांदा गेलो. डोकं ठणकत होतं, चहाशिवायची ती पहिली सकाळ. दुसऱ्या नाक्यावर सैनिकानं तासभर उन्हात बसवून ठेवलं. महालात पोचलो तेव्हा पायात गोळे आले होते. ती तशीच दारात आली. "पहले देखो." मी बघितलं. त्या दिवशी मी खरंच बघितलं, कारण बोलायचं त्राण उरलं नव्हतं. तिच्या मुखवट्याचं कापड आपल्याकडून जायचं, हे तिनं त्या दिवशी सांगितलं. दरवाजांची लाकडं मलबारची, खिळे मुंबईचे. ती म्हणाली, "आमच्या घरात तुमचा मुलूख होता, नज्जार. तुला दिसला नाही?" मला दिसला होता. आदल्या वर्षी पेटी सरकवली तेव्हा तिच्या मागच्या फळीवर, कोपऱ्यात, सुतारानं पटाशीनं कोरलेला आकडा मी पाहिला होता. आपला तीन. आम्ही सांधे जुळवताना असेच आकडे घालतो. पेटी करणारा सुतार आपल्याच बाजूचा होता. तिला ते सांगितलं तर तिनं पेटीवरून हात फिरवला.

गादीवर बसलो. तिनं ओतलं. मी फिंजान घेतला, आणि नवस आठवला. परत देता येईना, पिता येईना. मी तो तसाच भरलेला समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून खाली बघत बसलो. मला वाटलं, आता ही रागावणार.

ती ताठ बसली. किटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत काही तरी वेगळं आलं.

"काय हवंय?" ती म्हणाली. अरबीत म्हणाली, मग हिंदीत.

मला कळेना. दोन दिवस हीच बाई ऐकायला तयार नव्हती. "मामा, मी तर सांगितलं..."

"तेव्हा तू कॉफी प्यालास. ज्यानं कॉफी प्याली त्याचं काही मागणं नाही. पाहुणा आला, प्याला, गेला. मी तुला दोन वेळा ओतली, दोन्ही वेळा तू पिऊन टाकलीस आणि मग रडलास. मला वाटलं, हा माणूस मागत पण नाही आणि जात पण नाही." ती फिंजानाकडं बघत होती. "आता ठेवलास. आमच्यात पाहुण्यानं भरलेला फिंजान खाली ठेवला की घरच्या माणसानं विचारायचं, तुझी गरज काय. आणि हातात असेल ते द्यायचं. नाही दिलं तर त्या घरात कॉफी कोण पिणार? बोल."

मी म्हणालो, "पासपोर्ट."

"दिला. पी."

इथं माझी पंचाईत झाली. तिच्या रीतीनं आता प्यायलाच हवं होतं. माझ्या रीतीनं घरचा उंबरा येईपर्यंत नाही. मी तिला सगळं सांगितलं. रवळनाथ, गाऱ्हाणं, चाचाचा होकार. रीत म्हणून फिंजान ठेवला नव्हता, मला तुमची रीत माहीतच नव्हती, हेही सांगितलं. खोटं बोलून घेतलेलं देवालाही चालत नाही. सांगताना वाटत होतं की आता दिलेलं परत जाणार.

मग मुखवट्याआडून हसल्यासारखा आवाज आला. "ठेवलास ना? ठेवला तो ठेवला. का ठेवला ते तू आणि तुझा देव बघून घ्या."

मग ती उठून पेटीपाशी गेली. "किल्ली नाही. फोड."

मी म्हणालो, "कुलूप फोडायला नको, मागची फळी खाचेत बसवलेली आहे. खुंट्या काढल्या की सरकते." ड्रायव्हरला बोलावलं, तिघांनी पेटी भिंतीपासून ओढली. पण हत्यार काय? गाडीच्या पेटीतला एक स्क्रूड्रायव्हर आणि जॅकचा दांडा. पटाशी असती तर दहा मिनिटांचं काम. मी स्क्रूड्रायव्हरनं खुंट्या ठोकून काढल्या. लाकूड समुद्राच्या दमट हवेनं फुगून खाचेत आवळलेलं. फळी हलेना. माझे हात घामानं निसटत होते. बाहेर ट्रकचा आवाज आला, मला वाटलं आलेच. मी दांड्यानं जोर केला आणि फळी खालच्या कोपऱ्यातून उभी चिरली. हातभर तुकडा माझ्या हातात आला. त्याच्यावर तो तीनचा आकडा.

ट्रक पुढं निघून गेला. त्या पेटीत तिच्या आईचे कपडे होते, हिरव्या जरीच्या पट्ट्यांचे, घडीत घडी. त्यावर रबर लावलेला आमच्या पासपोर्टांचा गठ्ठा. मी तो बाहेर काढला. माझा सापडला. फोटोतला मी फार जाड दिसत होतो.

"मामा, बाकीचे सहा?"

ती गादीवर परत बसली होती. म्हणाली, "फिंजान एक."

त्या सहा जणांना उद्या इथवर आणायचं म्हणजे दोन नाकी, आणि शुक्रवारी बस. मी रडवेला झालो आणि तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "मग मला अजून सहा द्या."

तिला लगेच कळलं. तिनं सुपातून सहा फिंजान काढून ओळीनं मांडले. पहिल्यात ओतलं आणि माझ्याकडं दिलं. "हा कुणाचा?"

"कराडचा प्लंबर. आईला दमा आहे, एकटी असते." मी तो खाली ठेवला.

"दिला. हा?"

"चाचाचा. दापोलीचा. तीन मुलींची लग्नं त्यानं इथून केली, एकाही लग्नाला गेला नाही."

"दिला."

असे सहाही. प्रत्येक वेळी ओतायची, विचारायची, आणि ऐकून झाल्यावर 'दिला' म्हणायची. एकाविषयी मला काहीच सांगता येईना, तो परभणीचा पोरगा कधी बोलायचाच नाही. मी म्हणालो, "ह्याचं मला माहीत नाही. झोपेत भावाला हाक मारतो." तिनं त्यालाही दिला. माझा धरून गालिच्यावर सात भरलेले फिंजान झाले. मग तिनं खजुराच्या पानांची विणलेली छोटी झाकणं आणली आणि एकेकावर ठेवली.

"काम झालं आणि कॉफी प्याली नाही तर माझा मान गेला," ती म्हणाली. "तुझा देव तुला पिऊ देत नाही. म्हणून मी झाकून ठेवते. परत ये, आणि पी. सातही जण."

मी फळीचा तुकडा तिच्यापुढं धरला. "हे मी जोडून देईन, मामा. सागाची नवी फळी घालून देईन."

"आधी घरी जा," ती म्हणाली. आणि मग, दारापर्यंत आल्यावर, "सागरगोटे अजून खेळतात का तिकडच्या मुली?"

मी म्हणालो, खेळतात.

शुक्रवारी बस निघाली. वाटेतलं फार लिहीत नाही, वाळवंटातल्या छावणीतले ते दिवस आठवले की अजून घशाला कोरड पडते. तिथं पाण्याच्या टाकीवर माणसं माणसांना तुडवत होती. एक दिवस पिशवीत हात घातला तर तो तुकडा हाताला लागला. तिच्यापुढं धरला होता तो परत पिशवीत कधी टाकला, मला आठवत नाही. प्लंबर म्हणाला, "फेक ते, वजन कशाला." फेकला नाही. घरी पोचलो, मुलगी मला बघून रडली, आणि बायकोनं उंबऱ्यात चहा दिला. तो मी तिथंच उभ्यानं प्यालो.

लढाई संपली, आणि एक्याण्णवच्या हिवाळ्याआधी मालकानं परत बोलावलं. सात जणांतले आम्ही दोघंच आलो, मी आणि चाचा. आता फरवानियात राहतो. पेटवलेल्या तेलविहिरींच्या धुरानं आकाश अजून काळवंडलेलं आहे, वाळत घातलेल्या शर्टावर काजळी बसते. पहिल्या सुट्टीला फिंतासला गेलो. महालाला दारं नव्हती. माझी फडताळं भिंतीतून उपटलेली, नुसती भोकं. चाळण्या नाहीत, चिमटा नाही, किटली नाही. बलुची ड्रायव्हर मात्र तिथंच होता, आवार झाडत.

मला विचारायची हिंमत होईना. त्यानंच सांगितलं. सैनिक आले तेव्हा ती गादीवर बसून राहिली होती. तिला हात लावला नाही कुणी, पण तिच्यासमोरून एकेक वस्तू गेली. पुढं थंडीच्या सुरुवातीला तिच्या भाच्यानं येऊन तिला वाळवंटातून शारजाला नेलं. जिवंत आहे, असं मालक म्हणतो.

"आणि मंदूस?"

"मागनं फुटकी, कुलूप लटकलेलं. कोण नेणार?" तो म्हणाला. "तिनं ती गाडीच्या टपावर बांधून नेली. मीच बांधली. आत कपडे आणि फिंजान."

"किती फिंजान?"

मी वेडा असल्यासारखा तो माझ्याकडं बघत राहिला. "मी मोजत बसलो होतो का?"

तो तुकडा आता माझ्या खोलीत खाटेखाली आहे. त्याच्या मापानं मी सागाची एक फळी आणून ठेवली आहे, जुन्या दाराची, भरपूर वाळलेली, आता आकसणार नाही अशी. खाच काढून झाली आहे. आकडा अजून कोरलेला नाही, तो तिच्यासमोर कोरीन. शारजाचा व्हिसा कसा मिळतो, कुणाला विचारायचं, मला अजून नीट कळलेलं नाही, आणि ती किती दिवस आहे हेही नाही, त्याची काळजी मला रोज असते. पण मामा, मी येईन. एक दिवस ही फळी खांद्यावर घेऊन तुमच्या दारात उभा राहीन, पेटी नीट करून देईन, आणि माझा फिंजान पिईन. बाकीच्या सहांपैकी कुणी येऊ शकलं नाही तर त्यांचेही मीच पिईन, एकेकाचं तुम्हाला सांगत. चाचा म्हणतो, तो येणारच. परभणीच्या पोराला मी पत्र टाकलं आहे.